आठवा खोका आधी

पुण्याला जायचं असलं की बिंगी मॅडम आदली गाडी फलाटावर उभी असतानाच स्टेशनवर पोचत. त्यांची स्वतःची गाडी यायला अजून बराच अवकाश असे. एकदा मी तिथे कुणाला तरी सोडायला गेलो होतो. विचारलं, इतक्या लवकर कशा? म्हणाल्या, "आपली आलीच नाही तर हिच्यात बसता येईल." मग आत्ताच का बसत नाही, असं मी म्हटलं. "हिचं रिझर्वेशन नाही ना, सर," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतिहासाचे लोक असे बेफिकीर असतात म्हणूनच राज्यं बुडतात, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. त्या संख्याशास्त्र शिकवत. दोन्ही विभागांना मिळून एकच खोली होती आणि मधे एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं होतं. कपाटाच्या अलीकडे इतिहास, पलीकडे संख्याशास्त्र. कपाट छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे पलीकडचं सगळं अलीकडे ऐकू यायचं. माझ्या विषयात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, त्यामुळे मी शांत असतो. मॅडमच्या विषयात काय होऊ शकेल याचा विचार असतो, आणि मॅडमच्या स्वभावात काय होणार नाही याचा. "आणि नाही झालं तर?" हे त्यांचं वाक्य कपाटावरून दिवसातून इतक्या वेळा यायचं की विद्यार्थी त्यांना माघारी 'नाहीतर मॅडम' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं. "म्हणू देत की. लक्षात तरी राहील," म्हणायच्या.

त्यांच्या पर्समध्ये स्वतःचा खडू असे, कारण कॉलेजचा संपला तर? त्यांच्या घराची एक किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असे, कारण त्यांची हरवली तर? ती कधीच हरवली नाही. तरी दर सोमवारी कपाटावरून प्रश्न यायचा, "सर, किल्ली आहे ना?" मी ड्रॉवर उघडून खात्री केल्याचा आवाज मुद्दाम करायचो, त्याशिवाय पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज येत नसे.

त्यांच्या काळजीचं मूळ त्यांनी एकदाच सांगितलं, तेही पाणी येण्याच्या दिवशी लवकर घरी निघताना. घरी तेलुगू, बाहेर मराठी अशा विणकरांच्या वस्तीत त्या वाढल्या. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. "नवा माग धागा तुटला की आपोआप थांबतो, सर. आमच्या नानांचे माग जुने. ते थांबायचे नाहीत. धागा तुटलेला असायचा, चादर पुढं जात राहायची, आणि वीतभर खाली गेल्यावर कुणाच्या तरी लक्षात यायचं. तोवर ती चादर गेली. मुलांचं तसंच असतं. दुसऱ्या वर्षी काही तुटतं आणि चौथ्यात कळतं." एवढं बोलून त्या पाणी भरायला गेल्या. सोलापुरात पाण्याचा दिवस चुकवणाऱ्याने चार वर्षांच्या गोष्टी करू नयेत, असंही त्या म्हणत. पण ते वेगळं.

चार वर्षांची गोष्ट आमच्या कॉलेजात आली ती फुलपाखराच्या रूपाने. नवं शैक्षणिक धोरण समजावून सांगायला प्राचार्यांनी सभागृहात सर्वांना जमवलं. आधी दीपप्रज्वलन झालं, मग पाहुण्यांना टॉवेल, टोपी, नारळ झाला, मग पाहुण्यांनी प्राचार्यांना टॉवेल, टोपी, नारळ केला. टॉवेल एकाच दुकानातले असावेत, कारण नंतर कुणाचा कोणता यावरून थोडा घोळ झाला. मग पडद्यावर चित्र आलं. पहिलं वर्ष अंडं, दुसरं अळी, तिसरं कोष आणि चौथं वर्ष फुलपाखरू. विद्यार्थ्याने एक मुख्य विषय निवडायचा, त्याला मेजर म्हणायचं. जोडीला एक दुय्यम, तो मायनर. बाकीचे विषय वेगवेगळ्या 'बास्केट'मधून उचलायचे, आणि वाटलं तर दर वर्षाअखेर प्रमाणपत्र घेऊन बाहेरही पडता येईल. टाळ्या झाल्या. प्राचार्यांनी विचारलं, कुणाला शंका? कुणाला नसतात, असल्या तरी जेवण तयार असतं.

बिंगी मॅडम उभ्या राहिल्या. "सर, दुसऱ्या वर्षानंतर एखादा बाहेर पडला तर त्याला अळी म्हणायचं का?"

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "आणि चौथं वर्ष आपल्याकडे सुरूच नाही झालं तर?"

"मॅडम, जरा सकारात्मक राहा," प्राचार्य म्हणाले आणि आम्ही जेवायला गेलो.

मॅडम मात्र कामाला लागल्या. विद्यार्थ्यांना विषय निवडायला मदत करणं सगळ्यांकडेच होतं. आम्ही बहुतेकजण छापील पत्रक वाचून दाखवायचो. मॅडम खोलीतल्या फळ्यावर आठ खोके काढायच्या, एका सेमिस्टरला एक. आणि लिहायला सुरुवात आठव्यापासून करायच्या. "आठवा खोका आधी," असं म्हणून त्या विद्यार्थ्याच्या हातात खडू देत. शेवटी कुठे पोचायचंय ते तिथे लिहायचं. मग त्यासाठी सातव्यात काय लागेल, त्यासाठी सहाव्यात काय, असं करत करत मागे पहिल्यापर्यंत यायचं. आलेल्या मुलाला वाटत असे की आज फक्त पहिल्या सेमिस्टरचं विचारतील. आठव्या खोक्यासमोर तो खडू या हातातून त्या हातात करत राहायचा.

कागदावर का नाही करत, असं मी एकदा विचारलं. "परिपत्रक दर पंधरवड्याला बदलतंय. शाईत लिहायला मी काय वेडी?"

आठही खोके भरले की खरी परीक्षा सुरू व्हायची. मॅडम डस्टर पुढे करायच्या. "आता एक खोका पूस. तुझ्या हातानं. आणि सांग, बाकीचं कसं उभं राहतं." बरेचजण शहाणपणाने खेळाचा नाहीतर भाषेचा तास पुसायचे. मग मॅडम म्हणायच्या, "हा नाही. ज्याची भीती वाटते तो." एका मुलाला इथेच रडू कोसळलं होतं. त्याच्या वडिलांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "सर, ह्या मॅडम शिकिवत्यात का भ्या दाखिवत्यात?" मी म्हटलं, दोन्ही, पण फी एकाचीच आहे.

त्यांना एक गोष्ट मात्र आधी कळली नव्हती, आणि ती कळली तेव्हा त्या खऱ्या अर्थाने हादरल्या. मंद्रूपच्या रस्त्याने येणारी बहुतेक मुलं मायनर म्हणून मानसशास्त्र घेत होती. एवढ्या मुलांना मनाबद्दल इतकं कुतूहल का, असा प्रश्न पडून मॅडमनी चौकशी केली. उत्तर साधं होतं. मानसशास्त्राचा तास लवकर सुटायचा आणि दुपारची एसटी सापडायची. त्यानंतरची थेट संध्याकाळी, तीही भरून येणारी. मुलं विषय निवडत नव्हती, एसटी निवडत होती.

दुसरा कुणी असता तर त्याने या मुलांना ध्येयावर व्याख्यान दिलं असतं. मॅडम स्टँडवर जाऊन सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवून आल्या, त्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहिल्या आणि त्या दिवसापासून नियम केला: आठव्या खोक्यानंतर दुसरा प्रश्न एसटीचा. आणि स्वतःचा दुपारचा तास त्यांनी सकाळी ओढला. यामुळे माझा सकाळचा तास दुपारी गेला. मी तक्रार केली नाही, कारण इतिहासाला विद्यार्थी दुपारीही झोपतात आणि सकाळीही.

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजात 'मेजर-मायनर महोत्सव' भरला. प्रत्येक विभागाचा स्टॉल. रसायनशास्त्राने रंग बदलणारं पाणी ठेवलं, वाणिज्यने पेन वाटले, आम्ही भिंतीवर किल्ले लावले. प्रत्येकाला विद्यार्थी हवे होते, कारण मुलं कमी झाली की तास कमी होतात, आणि तास कमी झाले की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. अतिरिक्त म्हणजे संस्थेच्या दुसऱ्या गावच्या कॉलेजात पाठवणी. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे हसतमुख होते. संख्याशास्त्राच्या स्टॉलवर एक रिकामं टेबल आणि पलीकडे काळजीत बसलेल्या मॅडम. मुलं यायची, मॅडम विचारायच्या, "का घेतोस?" मैत्रीण घेतेय, मार्क मिळतात, मामा म्हणाला, अशी उत्तरं आली की मॅडम त्याला समजावून दुसऱ्या स्टॉलकडे पाठवायच्या.

"मॅडम," मी म्हटलं, "गिऱ्हाईक परत पाठवणारं हे सोलापुरातलं पहिलंच दुकान."

"दोन वर्षांनी कंटाळून गेला तर, सर? त्याची दोन वर्षं कोण देणार?"

त्याच दिवशी त्यांच्याकडे सुवर्णा आली. मंद्रूपची. वडील पिकअप टेम्पोतून मार्केट यार्डात भाजी आणायचे, ते मागे उभे होते. मॅडमनी विचारलं, "का घेतेस, अम्मा?" मुलींना त्या तेलुगू रीतीने अम्मा म्हणत. सुवर्णा म्हणाली, "आमच्या दादांना रोज वाटतं आज टोमॅटोला भाव येणार. रोज येत न्हाय. मला बघायचंय, ते चुकत्यात कुटं."

वडील म्हणाले, "घ्या. माझ्यावरच चाललीय शाळा."

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

फळ्यावर सुवर्णाने आठव्या खोक्यात चौथ्या वर्षाचा संशोधनाचा प्रकल्प लिहिला. ही चार वर्षं झाली की पुढची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होते, हे ती कुठूनतरी वाचून आली होती. घरची अटही तिनेच सांगितली: काय शिकायचं ते सोलापुरात, रोज जाऊन येऊन. पुण्याबिण्याचं नाव नाही. खोके भरले, एसटी बसवली, मॅडमनी डस्टर दिलं. सुवर्णाने सरळ आठवा खोकाच पुसला.

मी पुस्तकातून मान वर काढली.

"तो का गं?"

"बाकीचे माझ्या हातात हायत, मॅडम. अभ्यास केला की झालं. ह्यो न्हाय माझ्या हातात. तुमच्याकडं चौथं वर्ष निघालंच न्हाय तर?"

त्यांचं वाक्य त्यांनाच आजवर कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी पर्समधून स्वतःचा खडू काढला आणि पुसलेल्या खोक्याशेजारी नवा काढला. शहराच्या पलीकडच्या टोकाला दुसरं एक कॉलेज आहे, तिथे चौथं वर्ष निघण्याची शक्यता जास्त होती. "मग तिकडे जायचं. तिथं घेतील असं मायनर आत्तापासून ठेवायचं. गणित ठेव." वडिलांनी विचारलं, तिथनं एसटी घावंल का? मॅडमनी तेही पाहून ठेवलं होतं.

पुढची तीन वर्षं ज्या क्रमाने गेली तो क्रम मला सांगता येणार नाही, कारण कॉलेजालाही तो माहीत नव्हता. एक विषय तिसऱ्या सेमिस्टरमधून पाचव्यात गेला, परत चौथ्यात आला. निकाल लांबला. क्रेडिट कुणाचे कुणाच्या खात्यावर दिसू लागले. प्रत्येक वेळी बाकीच्या विभागांत धावपळ व्हायची आणि कपाटापलीकडे फळा पुसल्याचा आवाज यायचा. मुलं घाबरलेली यायची आणि थोडी कमी घाबरलेली जायची. पूर्ण निर्धास्त होऊन त्या खोलीतून कुणी गेलं नाही. मॅडमना ते चाललंही नसतं.

सुवर्णा तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला आली तेव्हा चौथ्या वर्षाला परवानगी मिळवण्याचा प्रस्ताव पाठवायची वेळ झाली. संख्याशास्त्राकडे मुलं मोजकीच उरली होती, आणि त्यातलीही दोघं-तिघं सुवर्णा काय करते ते पाहत होती. सुवर्णा इथे राहिली तर तीही राहणार. प्राचार्य स्वतः आमच्या खोलीत आले. मी अलीकडे आहे हे त्यांनी पाहिलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे कपाटाइतका.

"मॅडम, मुलीला आपल्याकडेच ठेवा. ती राहिली की बाकीची राहतात. विभाग टिकतो. तुमचा वर्कलोड टिकतो. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत तुमची, या वयात अतिरिक्त होऊन कुर्डुवाडीला कुठं जाता?"

"परवानगी आली आहे का, सर?"

"येईलच की."

"आणि नाही आली तर?"

"मॅडम, तुम्ही ना..."

"नाही आली तर पलीकडच्या कॉलेजातले प्रवेश तोवर बंद झालेले असतील. तिचं वर्ष जाईल. घरचे तिला परत पाठवणार नाहीत."

"आणि आली तर?" प्राचार्यांनी त्यांचंच हत्यार उचललं. "आली आणि मुलंच नसली तर? तुमचं काय?"

प्राचार्य गेल्यावर पलीकडे मॅडमनी फळा पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सर, किल्ली आहे ना?" त्या दिवशी बुधवार होता.

दोन दिवसांनी सुवर्णा वडिलांना घेऊन आली. मॅडमनी सरळ सांगितलं, पलीकडच्या कॉलेजात चौथ्या वर्षाची परवानगी आलीय, तिथं प्रवेश घ्या, उद्याच. वडिलांना ते पटेना. "मॅडम, तुमी हितं असतानी आमी तितं कशापायी जावावं? तुमच्या भरवशावर धाडली पोरीला. तितं वळखीचं कोन हाय?"

"माझ्या भरवशावर ठेवू नका. मी सांगतेय त्याच्यावर ठेवा."

"आन् हितं झालं चौथं वर्ष, तर?"

"तर होईल. ती तिथं शिकत असेल. इथं थांबली आणि नाही झालं, तर ती घरी बसेल. दादा, तुम्ही टोमॅटो भाव यायची वाट बघत यार्डात ठेवता का?"

"न्हाय. सडत्यात की."

"मग."

वडिलांनी टोपी काढून परत घातली. "लई तोडून बोलता बगा तुमी," म्हणाले. सुवर्णा फळ्याकडे पाहत होती. तिचे खोके केव्हाच पुसले गेले होते, पण जुन्या फळ्यावर पुसलेलं दिसत राहतं.

ती गेली. मागोमाग ती दोघं-तिघंही गेली.

मग परवानगी आली. वेळेत आली. प्राचार्यांनी पत्र घेऊन येऊन मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं; त्यांनी ते बोलायचं टाळलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी जरासा आदर वाटला. मी कपाटाला वळसा घालून पलीकडे गेलो. मॅडम पत्र वाचत होत्या. मला वाटलं, आता तरी हळहळतील.

"आली म्हणायची," त्या म्हणाल्या. मग पत्राची घडी घालत, "नसती आली तर?"

काही आठवड्यांनी त्यांचा आदेश आला. अतिरिक्त. कुर्डुवाडी. तिथे संख्याशास्त्र विभाग नाही. वाणिज्य शाखेचा एक पेपर आणि उरलेल्या वेळात गणित. सगळ्यांच्या चार वर्षांचे सगळे धागे ओढून पाहणाऱ्या बाईंनी स्वतःच्या चार वर्षांचा एकही पर्याय काढून ठेवला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्या टेबल आवरायला आल्या आणि काहीच न आवरता बसून राहिल्या. "रोजची गाडी, सर. आणि चुकली तर?" या प्रश्नाला उत्तर नको असतं हे इतक्या वर्षांत मी शिकलो होतो, त्या दिवशी मात्र त्यांना हवं होतं.

सुवर्णा तेव्हाच आली. तिला कुणाकडून तरी कळलं होतं. घरून कडक भाकरी आणली होती, ती तिने टेबलावर ठेवली आणि मॅडमकडे न बघता फळ्यावर आठ खोके काढले. वळून तिने खडू पुढे केला.

"आठवा खोका आधी, मॅडम."

"काहीतरीच काय गं."

"चार वर्सं हायत ना? आठच होत्यात."

मॅडम उठल्या. पर्स छातीशी धरून त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या, अगदी त्यांच्यासमोर मुलं उभी राहायची तशा. खडू हातात, पण हात वर जाईना. शेवटी आठव्यात त्यांनी 'निवृत्ती' लिहिलं, तेही लहान अक्षरात. पहिल्यात सुवर्णानेच 'कुर्डुवाडी' लिहिलं. मधले सहा तसेच राहिले.

"आता ज्याची भीती वाटते तो पुसायचा," सुवर्णा म्हणाली.

"पहिला." मॅडम लगेच म्हणाल्या, आणि डस्टर घेतलं, आणि थांबल्या. "पण तो तर झाला गं. झालेलं कसं पुसणार?"

"मग मधले भरा की."

मी माझ्या बाजूला आलो. खाडाखोड ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने कपाटावरून आवाज आला.

"सर, कुर्डुवाडीला संख्याशास्त्र नाहीच का?"

"नाही."

"कुणी मायनर म्हणून सुरू केलं तर?"

त्या वाक्यात 'नाही' नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. सुवर्णाच्या आलं असावं, कारण पलीकडून कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते सोलापूर स्टेशनवर, त्यांच्या कुर्डुवाडीच्या पहिल्या दिवशी. मुद्दाम गेलो होतो. त्या फलाटावर नव्हत्या. त्यांची गाडी यायची होती. आदली उभी होती. शोधत गेलो तर त्या आदल्या गाडीत खिडकीशी बसलेल्या.

"हिच्यात बसलात?"

"पास दोन्हींना चालतो, सर." चेहरा काळजीचाच होता, पण त्यात जराशी ऐट होती. मग खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून म्हणाल्या, "किल्ली आहे ना?"

"आहे."

"आणि तुमच्याकडून हरवली तर?"

मी काही म्हणायच्या आत गाडी हलली. स्टेशनवरून मी सरळ कॉलेजात गेलो, ड्रॉवर उघडला, किल्ली घेतली आणि बाजारात जाऊन तिची दुसरी करून आणली.